आयर्लंडची गत, नर्मदेच्या नावाने

ता. ६ जाने. १९२१, गुरु.
गत पुरी झाली. बँडात इतकी वर्षं दुसऱ्यांचीच धून वाजवली, ही माझी. आमचे बँडमास्तर मायकेलसाहेब आयर्लंडचे. त्यांनी सांगितलेल्या तिकडच्या दुष्काळावर बांधली. बटाटे कुजले, माणसं जहाजाने अमेरिकेला गेली. जाणारा पुन्हा दिसायचा नाही, म्हणून आदल्या रात्री त्याला समोर बसवून रडायचे, मेलेल्याला रडतात तसे. साहेबांची आजी भावासाठी अशी रडलेली. ते रडणं क्लॅरिनेटवर धरलंय. साहेबांनी दोनदा ऐकलं. पाठीवर हात ठेवला. जेवण गोड लागलं.

ता. ११, मंगळ.
तालीम. ड्रमवाला चंदुभाई मला म्हणतो, "आ तो रडावे छे," ही तर रडवते. मेजवानीत लोकांच्या घशाखाली घास कसा उतरणार, ही त्याला काळजी. साहेबांनी सुरावटीच्या कागदांवर स्वतः 'आयर्लंड' लिहिलं. शनिवारी राजवाड्यात.

ता. १६, रवि.
काल लिहवलं नाही. गत छान वाजली, तेच तर. बोलणी थांबली, चमचे थांबले. रेसिडेन्सीतल्या एका गोऱ्या पाहुण्याने मला बोलावून विचारलं, कशावर बांधली? राजवाड्याच्या खासगी खात्यातले, आमच्यावरचे अधिकारी रावसाहेब शेजारीच. आयर्लंडात इंग्रजांविरुद्ध बंड चाललंय, रोज पेपरात येतं. पण मला कोणी दटावलं नव्हतं. तरी बोलून गेलो, "नर्मदेवरच्या नावाड्यांचं गाणं आहे, सरकार." मायकेलसाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे, सगळं ऐकत. पाहुणा खूश, डोळ्यांपुढे नदी उभी राहिली म्हणाला. मी सलाम ठोकला. जीभ झडली असती तर बरं.

ता. १७, सोम.
साहेबांची माफी मागायला गेलो. पुरतं बोलूही दिलं नाही. "ठीक बोला तुमने. बालबच्चेवाले आदमी हो." कागदांवरचं 'आयर्लंड' खोडून त्यांनीच 'नर्मदा' लिहून ठेवलेलं. चार शिव्या दिल्या असत्या तर जेवलो तरी असतो. सौ. विचारते काय झालं. सांगितलं, पोट.

ता. २८, शुक्र.
रावसाहेबांचं बोलावणं. वाटलं, नोकरी गेली. उलट शाबासकी. 'नर्मदा' आता दर मेजवानीला. चंदुभाई मला नर्मदाशंकर म्हणतो. मीही हसलो. निर्लज्जपणाला सीमा...

ता. ९ फेब्रु., बुध.
मायकेलसाहेब आयर्लंडला चालले. कायमचे. घरी कोणी उरलेलं नाही म्हणतात, तरी चालले. शुक्रवारी स्टेशनवर बँडची सलामी. रावसाहेबांचा हुकूम: 'नर्मदा'च वाजवा, साहेबांची आवडती. मेजवानीत नाही, पण सलामीला वाजवण्याआधी गतीचं नाव पुकारायची आमच्यात रीत. ज्याची गत, त्याने पुकारायचं.

ता. १०, गुरु.
साहेबांकडे जाऊन यायचं होतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलो.
सौ.ला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग उद्या खरं नाव सांगा." म्हटलं, रावसाहेब असणार, गोरे असणार, नोकरी जाईल. ती कणीक मळत राहिली.
अंगणात उभं राहून दोन्ही नावं पुकारून पाहिली. 'नर्मदा' खणखणीत येतं. दुसरं ओठापर्यंत येतं नि थांबतं. सकाळची गाडी.