'अ' गटाचे उंदीर

३ मार्च, सकाळी ९
संचालकांचं पत्र. महिनाअखेरपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर लॅबला कुलूप. उत्तम. मला प्रेशरखालीच सुचतं. म्हाताऱ्या स्नायूंतल्या झोपलेल्या स्टेम सेल जागवायला बावीस वर्षं दिली, अठ्ठावीस दिवस काय चीज आहे! संकल्प: रोज सातला लॅबमध्ये.

४ मार्च, ११.२०
पोचलो. पाठ धरली होती.
म्हाताऱ्या उंदरांचे दोन गट केलेत, 'अ' आणि 'ब'. एकाला माझं इंजेक्शन, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त सहायक बाईंना ठाऊक. त्यांनी लिहून लिफाफा सीलबंद केलाय. माझं मन निःपक्षपाती राहावं म्हणून हा नियम मीच केला.

११ मार्च
आई खुर्चीतून उठताना माझा हात मागते. मागच्या वर्षी फिजिओथेरपिस्टने तिला रोज वीस उठाबशा सांगितल्या होत्या. मीच बंद करायला लावल्या. म्हटलं, थोडं थांब, एका इंजेक्शनात पळशील. ती बरं म्हणाली. फार विश्वास आहे तिचा.

१८ मार्च
'अ' गट ट्रेडमिलवर थांबायचं नाव घेईना! 'ब'वाले धापा टाकतायत. म्हणजे इंजेक्शन 'अ'लाच. बाई म्हणाल्या, सर, लिफाफा उघडेपर्यंत दम धरा. बाईंना दूरदृष्टी नाही. संचालकांना फोन करून टाकला.

२४ मार्च
पेपर पूर्ण. फक्त आकडे घालायचे राहिलेत.

२९ मार्च
जेवण गेलं नाही. हे फसलं तर मला दुसरं काहीच येत नाही. वय पंचावन्न. पण फसेल कसं?

३० मार्च, दुपारी
संचालकांसमोर लिफाफा उघडला. 'अ': मिठाचं पाणी.
मी म्हटलं, मिठाच्या पाण्याचा हा गुण आजवर कुणाच्याच लक्षात आला नव्हता, आणखी पाच वर्षं द्या. संचालकांनी किल्ली मागितली.

३१ मार्च
बावीस वर्षांच्या वह्या एका खोक्यात. घराच्या दारात खोका उचलायला वाकलो, पाठ धरली, तिथेच बसलो आणि रडलो. आई खुर्चीतून उठली, कुणाचा हात न धरता. खोका उचलून आत नेला. म्हणाली, तू लॅबला गेलास की रोज वीस काढते. मग माझा हात कशाला मागायचीस, विचारलं. म्हणाली, तुला बरं वाटायचं.
संकल्प: उद्या सातला वीस उठाबशा.

१ एप्रिल, ११.४०
तीन झाल्या. चौथीला आईने हात दिला.