संगमावर तुम्ही नव्हतात

आबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होत आली. पाचवीपर्यंत शिकलेला हात आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा धाकट्याबरोबर मोटारसायकलवर कोल्हारहून प्रवरेच्या कडेकडेने पार गोदावरीच्या संगमापर्यंत जाऊन आलो. हौस त्याचीच. डॉक्टरांनी त्याला घरी न्या, हवं ते खाऊ घाला, असं सांगितलंय, त्यामुळे मला नाही म्हणवेना. गाडी त्यानेच चालवली, अगदी सावकाश. मी मागे त्याचे खांदे धरून. हाताला नुसती हाडं लागत होती. समोरून उसाची ट्रॉली आली की माझा पाय आपोआप दाबला जाई. तो म्हणाला, "दादा, ब्रेक माझ्याकडं हाय. तू उगं पाय दुखवू नको." बेलापूरला नदीकाठी निंबाखाली भाकरी सोडली. त्याने चतकोर खाल्ली, उरलेली माशांना टाकली. पाणी संथ होतं, पलीकडे बगळे बसले होते. त्याला सगळं बघायचं होतं, आणि मला संगम जवळ येत चालल्याची धास्ती.

संगमावर तो घोटाभर पाण्यात उतरला, हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला बी हितंच सोड. आबांच्या शेजारी." मी हो म्हणालो.

आबा, तुम्ही तिथे नाही, हे त्याला कुठे ठाऊक आहे? आयुष्यभर पाटकरी म्हणून पाटाचं बांधलेलं पाणी राखलं, आता मला नदीत सोडा, असं तुम्ही सांगून गेला होतात. धाकट्याला रजा मिळाली नव्हती, अस्थी घेऊन मी एकटाच निघालो. भर उन्हाळा. नदी कोरडी, संगमावर नुसता गाळ, असं कोणीतरी वाटेत म्हणालं आणि माझा धीर सुटला. वाहतं पाणी तर पाटालाच होतं. पाटाच्या तुमच्याच दारापाशी, जिथे तुम्ही चाकी फिरवून शेतांना पाणी सोडायचात, तिथे मी तुम्हाला सोडलं. पाण्याचं आवर्तन त्याच संध्याकाळी बंद होणार होतं, ते मला ठाऊक नव्हतं. लहानपणी तुम्ही मला रागावला होतात, पाणी कधी तुटणार हे ज्याला कळत नाही त्याने पाटावर येऊ नये. सकाळी जाऊन बघतो तर पाट आटलेला, तुम्ही चिखलात उघडे पडलेले. मी हातांनी गाळ ओढून झाकलं आणि घरी येऊन संगमाचं सांगितलं.

आता खरं सांगितलं तर त्याचा जीव जाताना अडकेल. नाही सांगितलं तर तिथे तो एकटाच. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. हा कागद त्याच्या हाती लागू नये म्हणून ज्वारीच्या कणगीमागे खोचून ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. परतताना तुमच्या दारापाशी त्याने गाडी हळू केली, थांबायचं का विचारलं. पाट वाहत होता. मी म्हणालो, नको, उशीर होतोय. ऊन अजून डोक्यावर होतं, आबा. काय करू ते लवकर कळवा, त्याच्याकडे फार दिवस नाहीत.