वजनाच्या खान्यात ‘ओला’

सर, सौंदडच्या राइस मिलसाठी तुम्ही लिहिलेला प्रोग्राम मी या आठवड्यात बदलते आहे. तो अजून चालतो, पण मिलच्या नव्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. त्यातल्या तुमच्या सगळ्या याद्या जुन्या पद्धतीच्या. आत आकडा टाका, अक्षरं टाका, यादी काही विचारत नाही. बाहेर काढताना मात्र आपण सांगायचं की हा आकडा आहे, आणि तो नसला तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो. नव्या यादीचा प्रकार आधीच ठरवावा लागतो. वजनांची यादी म्हणजे फक्त आकडे, बाकी सगळं दारातूनच परत. तीन दिवस मी एकेक यादी अशी बदलत बसले आहे. अवघड काही नाही, फक्त ते संपत नाही. काल वजनांची यादी बदलली आणि जुन्या नोंदी तिच्यात भरायला घेतल्या, तर ती अडकली. आकड्याच्या जागी तुमचा शब्द होता: ओला.

तो दिवस मला आठवतो. तुमच्या कॉम्प्युटर क्लासमधून तुम्ही मला मिलच्या काट्यावर काम शिकायला नेलं होतं. चिचगडकडची एक बाई ट्रॅक्टरवर धान घेऊन येते. धान ओला आहे, आज त्याचं वजन धरता येत नाही. खान्यात वजनच लिहायचं असतं, म्हणून मी तिला परत जायला सांगते. ती ट्रॅक्टरकडे वळते. तुम्ही आतून येता, तिला थांबवता, धान मिलच्या अंगणात पसरायला लावता आणि खान्यात ‘ओला’ लिहिता. वाळल्यावर तिथे आकडा भरायचा. मग सगळ्यांसमोर मला म्हणता, “वापस कायले पाठवून राहिली तिले? धान ओला आहे, खोटा नाही.” मी म्हणाले, आकड्यांत अक्षरं घातली तर प्रोग्राम कधीतरी पडेल. “पडल त पडल. उभा कराले तू आहेस ना.” हमाल हसले. पुढचे आठ दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

तो पडला. एखादा ‘ओला’ तसाच राहून गेला की दिवसाची बेरीज करताना पडायचा. तुम्ही गेल्यानंतर मिलचे मालक मला बोलवत राहिले, आणि दर वेळी मी सांगितलं, आधीच्या माणसाची चूक आहे. आज त्यांना विचारलं, ‘ओला’चं काय करायचं. “शून्य टाकून द्या न मॅडम.” पण शून्य म्हणजे धान आलाच नाही. ओला म्हणजे आला आहे, वजन व्हायचं आहे. मग मी नोंदीचा एक वेगळा प्रकार केला: वजन, जे रिकामं राहू शकतं, आणि शेजारी धानाची स्थिती. यादी आता फक्त अशाच नोंदी घेते. कुणाला परत पाठवावं लागत नाही. मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, हे बढिया सुचलं तुम्हाले.

हे सगळं मी त्याच फाइलमध्ये लिहिते आहे, माणसांसाठीच्या टिपेच्या ओळींत. कॉम्प्युटर त्या ओळी वाचत नाही. फाइल मिलला देण्याआधी मी त्या पुसून टाकीन. मालक ‘बढिया सुचलं तुम्हाले’ म्हणाले तेव्हा, सर, मी फक्त हो म्हणाले.