पांढऱ्याखालचा हिरवा

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेत शिकवून आले की आईचं औषधपाणी, मग गाडी. आईची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी तू तुझ्या लग्नात पांढरी करून घेतलीस ना, तो रंग मी उतरवतेय. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. पांढरं निघतं आणि खालचा, कारखान्यातून आलेला हिरवा डोकं वर काढतो. जरा जोर लागला की तोही जातो. बॉनेटच्या कडेला पत्रा दिसलाच. माझे खांदे पार गेलेत. पण आजारपणापासून आई खोलीबाहेर येत नाही. गाडी पहिल्यासारखी झाली तर येईल, एवढीच आशा.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ त्या पांढऱ्या रंगासारखा चिवट राहो.

तुझी,
ठमी

ता. १४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

माझ्या लग्नाची आठवण घासून काढतेस आणि वर माझ्याकडेच लोभ मागतेस! वहिनी म्हणाली, नवरदेवापेक्षा गाडीच बरी दिसत होती. इथे कामावर पाळीवर पाळी चालू आहे, रजा मिळत नाही. सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर पडलंय, ते सारखं डाचतं. कडांना पॉलिश पेपर लावूच नकोस, तिथे रंग सगळ्यात पातळ. गेलेल्या जागी नुसतं मेण लाव, गंजणार नाही.

एक विचारू? हे सगळं आईला विचारलंस का?

प्रकृतीला जप, आधी तुझ्या, मग गाडीच्या.

तुझा,
दादा

ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नव्हतं विचारलं. काल एक दरवाजा सोडून सगळी गाडी हिरवी झाली, तेव्हा आईला हाताला धरून बाहेर आणलं. तिने गाडी एकदा पाहिली. मग म्हणाली, कशाला एवढा जीव काढलास? मी म्हटलं, तुझी आवडती गाडी ना. त्यावर म्हणाली की शिकाऊ माणसाच्या पायाखाली क्लच आणि आपला जीव मुठीत, असा जन्म गेला. हौस गाडीची नव्हती, तुम्ही दोघं मार्गी लागावं याची होती. विकायची तर खुशाल विका.

मला रडूच फुटलं. राग होता की थकवा, कोण जाणे. तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले. बोटांची सालं गेलीत. मग मागचं दार उघडायला लावलं आणि आत बसली. आपण तिला मागच्या सीटवर कधी पाहिलंय का रे? मांडी थोपटून म्हणाली, ये, पड जरा. मी तिथेच गाढ झोपले. जाग आली तेव्हा तिचे पाय अवघडले होते, पण ती हलली नव्हती.

राहिलेला दरवाजा आता राहू दे. आज सकाळी आई आपणहून खोलीबाहेर आली. गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा चहा झाला का, एवढंच विचारलं.

माया आहेच, ती असू दे.

तुझी,
ठमी