तांदळाच्या डब्यातलं बाळ

प्रिय मार्था मावशी,

आज आगमनकाळाचा, नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, पहिला रविवार. तुझ्याशिवायचा पहिला. सकाळी तुझी भाची फिलू आली, हातात निळ्या काठाचा तुझा रुमाल, गाठ मारलेला. "आत्यानं सांगून ठेवलं होतं, हा शुभाकडेच द्यायचा," एवढंच म्हणाली आणि ओट्यावर बसून रडली. मला मात्र रडू आलं नाही. मी आधी डब्यात तांदूळ पुरेसे आहेत का ते बघितलं. मग कागद घेऊन बसले. तुला वाचताना चष्मा सापडायचा नाही, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

तू असतीस तर आज पुन्हा दुकानावर भांडायला गेली असतीस गं! अंधेरी स्टेशनपासून मरोळपर्यंत दुकानांत चांदण्या लटकल्या आहेत, दिवाळीचे कंदील उतरायच्या आधीपासूनच. थर्माकोलचा बर्फ आलाय. मरोळात बर्फ! आपल्याकडे डिसेंबरात पंखा एकावर ठेवायचा की दोनवर, यावरून घराघरांत वाद होतात. बेकरीबाहेर कापसाची दाढी लावलेला एक माणूस घंटा वाजवतो, घामानं त्याची दाढी खाली घसरते, आणि कॅसेटवर तीच चार गाणी. आणि या सगळ्यात पुढे कोण? आमचंच नॉव्हेल्टी स्टोअर!

आठवतं तुला? लग्न होऊन मी तुझ्या घराच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले, त्याच वर्षी ह्यांनी दुकानाच्या काचेत अख्खा गोठा मांडला होता. मरिया, योसेफ, गाय, गाढव, आणि मधे गव्हाणीत गुटगुटीत बाळ. तारीख होती डिसेंबरची दोन. तू मासळीची पिशवी घेऊन बाजारातून येत होतीस. थेट आत शिरलीस. "अरे, तो आयला नाय अजून! जन्माच्या आधीच विकायला काढलास?" हे हात जोडून म्हणाले, "मावशी, रिकामा गोठा गिऱ्हाईक घेत नाही हो." दोन गिऱ्हाइकं हसली. तू हसली नाहीस.

मला तेव्हा वाटलं होतं, काय ही म्हातारी! प्लास्टरच्या बाहुलीवरून एवढा तमाशा? खरं सांगते, मला तुझी लाज वाटली होती. आज हे लिहिताना माझीच वाटते.

मग ते वर्ष आलं, ज्याबद्दल आपण दोघी फारसं बोललो नाही. पहिलं मूल गेलं तेव्हा सगळे म्हणाले, होतं असं. दुसरं त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेलं, आणि कोणी काहीच म्हणालं नाही. सासूबाईंनी मालवणहून आणलेला घरातला जुना कापडी पाळणा गुंडाळून माळ्यावर टाकला, माझ्यासमोर नाही, मी आंघोळीला गेले असताना. आल्यावर पाळणा टांगलेली भिंत मोकळी दिसली आणि मला सगळं कळलं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी तू रुमालाची गाठ घेऊन आलीस. तुझ्या आईच्या वेळचा गोठा तू दर आगमनकाळात ओट्यावर मांडायचीस, सगळी मंडळी जागच्या जागी, फक्त गव्हाण रिकामी. बाळ त्या चार आठवड्यांत तुझ्या घरात नसायचंच. कोणाच्या तरी घरी ठेवायचं आणि नाताळच्या सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर तिथून आणायचं, ही तुमच्या घरची रीत. "यंदा तुझ्याकडे ठेव," म्हणालीस.

"माझ्याकडे? माझ्याकडेच का?" मी ओरडलेच तुझ्यावर.

"तुझ्याकडे जागा हाय, म्हणून," म्हणालीस आणि गेलीस.

किती राग आला होता मला! मावशी, तू एवढी शहाणी, तुला कळलं नाही का ते वाक्य कुठे लागेल? का कळूनच बोललीस? हे विचारायचं राहून गेलं. मी ती गाठ तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, डोळ्यांसमोर नको म्हणून. आणि सासूबाईंना सांगायला विसरले.

चौथ्या दिवशी भाताचे तांदूळ मोजताना त्यांच्या हाताला ती लागली. स्वयंपाकघरातून हाक आली, "गो शुभा, तांदळात ह्यो झील कोणाचो?" मी पडून होते, उठले नाही. म्हटलं, मार्था मावशीचं आहे, राहू दे. मला काय ठाऊक, त्या काय करतील ते! बाळ दिसलं की त्यांच्या हातांना एकच काम माहीत. त्यांनी खोबरेल कोमट केलं. बाळाला चोळलं. मग गरम पाण्यानं न्हाऊ घातलं!

पन्नास-साठ वर्षांचा प्लास्टरचा रंग तो. उजवा गाल सोलून निघाला. सासूबाई त्याला पदरात धरून माझ्याकडे आल्या. "माका काय म्हाईत, गो..." दोघी त्या पांढऱ्या पडलेल्या गालाकडे बघत बसलो. शेवटी त्यांनी काजळाची डबी काढली आणि त्या जागी चांगली ठसठशीत तीट लावली. त्या वेळी मी हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले, मावशी. तुला हे मी कधी सांगितलं होतं का?

पुढचे आठवडे मी घाबरलेलीच. तुझ्या ओट्यावर रविवारी एक मेणबत्ती, पुढच्या रविवारी दोन. मला खिडकीतून सगळं दिसायचं. आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तू मला चर्चमध्ये घेऊन गेलीस. मी आत पाय टाकला आणि थबकले. बाहेर रस्त्यावर एवढा झगमगाट, आणि इथे वेदीवर साधं जांभळं कापड. कडेला मोठा गोठा, त्यात गवताची ओंजळ, आणि गवतात कोणीच नाही. त्या रिकाम्या गवतापुढे माणसं गुडघे टेकून बसली होती. एक म्हातारे आजोबा, ड्युटीवरून आलेली नर्स, कपाळाला बाम लावलेली एक बाई. कोणी हालत नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "काहीच नाहीये गं तिथं."

"नाय ना," तू म्हणालीस. "येणाराय. म्हणून बसलेत."

मावशी, मी हिंदू घरातली. मला तुमची प्रार्थना येत नाही, आजही येत नाही. पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला. देव आल्यावर हात जोडणारे मी जन्मभर बघितले होते. देव यायच्या आधी, त्याच्या मोकळ्या जागेपुढे एवढ्या भक्तीनं बसलेली माणसं मी पहिल्यांदा बघत होते. मला माळ्यावरचा पाळणा आठवला. तो मला आतापर्यंत नुसता रिकामा वाटत होता. ती कोणासाठी तरी ठेवलेली जागाही असू शकते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी तुझ्या शेजारी गुडघे टेकले. किती वेळ, ते ठाऊक नाही.

नाताळच्या सकाळी तू नवं लुगडं नेसून बाळ न्यायला आलीस. सासूबाईंनी डबा पुढे केला आणि पदराआड तोंड लपवलं. तू गाठ सोडलीस. तीट बघितलीस. मी श्वास रोखून उभी! तुझ्या आईचं बाळ ते, आम्ही त्याची वाट लावली होती.

"ही कोणी लावली?"

"मीया," सासूबाई पुटपुटल्या. "तो बाहेर उघड्यार निजता, येता-जाता लोक बघतत. दृष्ट लागात मा!"

तू तिटीवरून हलकेच बोट फिरवलंस. मग सासूबाईंचा हात धरलास आणि म्हणालीस, "एवढी वर्सं झाली. कोणाच्या डोक्यात नाय आयलं, गो." आणि त्याला तसंच, तिटीसकट, गव्हाणीत ठेवलंस. फादर घरी आले, त्यांनी विचारलं तेव्हा तुझं उत्तर तयार होतं, "फादर, त्याला यंदा आजी मिळाली."

त्यानंतर दर वर्षी बाळ आमच्याच डब्यात आलं आणि दर वर्षी सासूबाईंनी नवी तीट लावली. न्हाऊ मात्र घातलं नाही!

दोन वर्षांनी माझे दिवस भरत आले, तेव्हा हे म्हणाले, दुकानातून झबलं आणू का. सासूबाई केवढ्या खवळल्या! जन्माआधी बाळाचं काही घ्यायचं नसतं आमच्यात. तू ओट्यावरून ऐकत होतीस. "अरे, मग तुमचाबी आगमनकाळ हाय की!" म्हणून टाळी वाजवलीस. प्राचीला पहिल्यांदा मांडीवर घेतलंस आणि तिची तीट अंगठ्यानं ठीक केलीस, ते मी विसरणार नाही.

मग एवढं सगळं बघूनही मी दुकानातल्या काचेबद्दल इतकी वर्षं गप्प का राहिले? तू गणपतीनंतर आजारी पडलीस, आठ दिवसांत गेलीस. त्या आठ दिवसांतही मी हे बोलले नाही. सीझन आहे, चार पैसे मिळतात, आपल्याला काय, असं म्हणत राहिले. स्वतःच्या लेकरासाठी झबलंसुद्धा आधी न घेणारी मी, तुझं लेकरू महिनाभर आधी काचेत मांडू देत होते. याची माफी कुठे मागू?

आज फिलू गेल्यावर मी दुकानात गेले आणि काचेतलं बाळ उचललं. हे म्हणाले, "अगं, लोक विचारतील!" मी म्हटलं, "विचारू देत ना. म्हणूनच काढलंय." त्यावर हे म्हणाले, "मार्था मावशी बोलल्यासारखं वाटलं." आणि बाळ पेटीत घालून स्वतःच वरच्या फळीवर ठेवलं. अर्ध्या तासात एक बाई आली, काचेत वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाळ कुठाय?" मी वरच्या फळीकडे बघितलं. प्राचीच पुढे झाली. "येणाराय," म्हणाली. "अजून वेळ आहे."

तुझा गोठा फिलूकडून आणला, आता तो आमच्या ओट्यावर मांडलाय आणि बाळ तांदळात खोल आहे. सासूबाईंना नीट दिसत नाही, तरी काजळाची डबी त्यांनी उशाशी घेऊन ठेवली आहे.

मावशी, तुला शब्द देते. बाजार कितीही घाई करो, आमच्या ओट्यावर आणि आमच्या काचेत ती गव्हाण नाताळच्या सकाळपर्यंत रिकामी राहील. तोवर मी रोज वरवरचेच तांदूळ काढीन. आणि त्या सकाळी डब्यात जाईल तो हात प्राचीचा.

तुझी,
मागच्या खोलीतली शुभा