सांधा सरळ होता का

३ मार्च
पप्पांना जाऊन एकवीस दिवस. आई म्हणाली, घरात बसून काय करणार, बाहेर फिरून ये. घोडपदेवहून चालत हिंदमाता. रस्ता खणलाय. खड्ड्यात खोबणीवाला रूळ, ट्रामचा. लोक वाकून बघत होते, मीपण. मग एका दुकानात पुतळ्याला साडी नेसवत होते ते बघत उभा राहिलो. तास गेला.

४ मार्च
तात्यांना सांगितलं. पप्पांचे काका, नव्वदीच्या पुढचे, आमच्याच खोलीत खाटेवर. पप्पा गेल्याचं सांगितलं तेव्हा नुसते भिंतीकडे वळले होते. रूळ म्हटल्यावर उठून बसले.
"थंय माझो सांधो."
तात्या ट्रामचे सांधेवाले. पहार घेऊन नाक्यावर उभं राहायचं, रुळाची लोखंडी जीभ सरकवायची. सरळ दादर, डावीकडे डेपो. ट्राम डेपोत वळली की सांधा परत सरळ करायचा, मगच जागा सोडायची. शेवटची ट्राम हार-बीर घालून वळली आणि लोकांनी तात्यांना गुलाल फासून उचलूनच नेलं. सांधा सरळ केला होता की नाही?
"माका आठवणा नाय."
"आता काय फरक पडतो?"
"तुका नाय पडाचो, मेल्या. तुझ्या बापाशीक सांगान ठेयललंय, रस्तो खणलो तर बघ. तो गेलो, ता ऱ्हवला."

५ मार्च
बघितलं. जीभ वाकडी. पण जेसीबीचा दात लागलाय. फोटो दाखवला.
"जीभ हललली आसतली. डांबर बघ."
वरून रस्ता केला तेव्हा उघड्या फटीत डांबर उतरलं असणार. जिभेचं टोक आपल्याकडे करून बघायचं. डांबर उजवीकडे तर सरळ. "डावीकडे तर मी..." फोटोत सगळा चिखल. रात्री जेवले नाहीत.
आई : "उद्या सकाळी सरळ तिकडेच जा. मध्ये कुठे थांबू नकोस."

६ मार्च
थांबलो. लालबागला मिरची कांडत होते. डोळ्यांतून पाणी आलं. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. मिरचीचं.
पोचलो तर खड्ड्यात काँक्रीट.
मुकादम : "वो लोहा? अभी तो गया. घंटाभर पहले आता ना, हिरो."
"किधर?"
"दारूखाना. भंगार में."
हॉस्पिटलचा फोन आला तेव्हाही मी असाच कुठेतरी
जाऊ दे.
तात्यांना म्हटलं, आज काम बंद होतं.

७ मार्च
दारूखाना, सगळी भंगाराची दुकानं. चौथ्या दुकानात रूळ सापडला, गिअरबॉक्सच्या ढिगाखाली. दुकानवाल्याने आणि मी मिळून ओढला. टोक माझ्याकडे केलं. खोलीच्या किल्लीने चिखल खरवडला.
डांबर डावीकडे. दगडासारखं, काठोकाठ. उजवी फट रिकामी.
पलीकडे जाऊन बघितलं. मग डोक्यात गोंधळ झाला म्हणून परत टोकाकडे आलो. डावीकडेच.
"लेना है क्या?" दुकानवाला.
"नहीं. देखना था."
"देख लिया?"
डांबराचा एक तुकडा निघाला, तो खिशात टाकला. मग बंदराच्या बाजूला एक बोट रंगवत होते, तिथे बसलो. हिरवा रंग. काही वाटलं नाही. घरी आलो तेव्हा तात्या झोपले होते. बरं झालं.

८ मार्च
सकाळी आई पेज घेऊन आली. वाटी माझ्या हातात दिली.
"काय बघितलंस ते सांग आता त्यांना."
तात्या : "गावलो?"
"गावला."
"मगे?"
तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठ्याने चोळत राहिले. वास घेतला.
"खंयच्या बाजूचा ता सांग."
आई दारात उभी, माझ्याकडे बघत. पप्पांना मी कधी काही भरवलं नव्हतं. तेवढा वेळ हॉस्पिटलात थांबलोच नाही.
"सांगतो. आधी पेज."
"लबाड," म्हणाले. पण तोंड उघडलं.
सावकाश भरवली. एकेक चमचा फुंकून. वाटी संपायच्या आत त्यांचा डोळा लागला. तुकडा मुठीत तसाच.
आज कुठे गेलो नाही. खाटेजवळच बसलोय. उठले की विचारतील.