तिसऱ्यांदा मागितलेली माफी

प्रिय मिल्का,

सत्तरी आली, तरी तुझ्यावरचा राग गेला नाही. आणि तू गेल्यापासून मला उदगीरला करमलंही नाही.

शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "लुंबिनीला काय, कोट्यातली नोकरी!" संध्याकाळी रडत माझ्या घरी आलीस. "आम्हा ज्यूंचे जुने धर्मगुरू, रब्बी, सांगतात, चारचौघांत माणसाला लाजवणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. तुझा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला गं."

"मग तुझ्या देवाकडे माग माफी!" मी म्हणाले.

"देवाला तो अधिकार नाही. ज्याला दुखवलं, त्यानंच माफ करायचं. मी तीनदा मागायची. तरी दिली नाहीस, तर दोष तुझा."

दुसऱ्यांदा आलीस, तेव्हा दारातूनच हाकललं तुला. कॉन्व्हेंटमध्ये रोज क्षमेची प्रार्थना घोकलेली मी! मग तू नवऱ्याबरोबर इस्राएलला गेलीस. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, मिल्का तिसऱ्यांदा आलीच नाही.

ते खोटं आहे. निघायच्या आदल्या दिवशी तू आली होतीस. "लुंबे, आत आहेस, माहीत आहे मला," म्हणत कितीतरी वेळ उभी होतीस. मी कडी काढली नाही.

तुमच्या नियमानं तू त्याच दिवशी सुटलीस. आता मागायची पाळी माझी. म्हणून हे पत्र टाकणार नाही. माफी समोर जाऊनच मागावी लागते. पासपोर्टचा अर्ज भरलाय. तू मात्र पहिल्या खेपेलाच हो म्हण. माझे गुडघे तीन खेपा करायचे नाहीत.

अजूनही तुझीच,
लुंबिनी